दम उसळून गेल्यावर: घरी आलेल्या माणसाची ताकद परत कशी आणायची

हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळतो, ऑक्सिजन काढलेला असतो, डॉक्टर म्हणतात "आता बरं आहे", आणि घरी आल्यावर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना माणूस दोनदा थांबतो. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) असलेल्या घरात हे पहिल्यांदा होतं तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. औषधं लागू पडली नाहीत का? परत ॲडमिट करायचं का? आता हे असंच राहणार का?

मी इंदूरमध्ये घरोघरी जाऊन छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची बरीच मराठी घरं माझ्या नेहमीच्या वाटेवरची आहेत. प्रत्येक नव्या घरी मी सगळ्यांत आधी हेच सांगते की उसळीनंतर, म्हणजे दम एकदम वाढून आजार बळावल्यानंतर, गेलेली ताकद बरीचशी पायांतून गेलेली असते, आणि पायांतली ताकद परत आणता येते. फुप्फुसांचं जे कायमचं नुकसान झालंय ते भरून येत नाही, हे खरं. पण तेवढ्याच फुप्फुसांवर माणूस कितीतरी जास्त चालू शकतो.

हे सगळं मुख्यतः सीओपीडीसाठी लिहिते आहे. जुन्या टीबीनंतर खराब झालेली छाती किंवा ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या सैल होऊन कफ साठण्याचा आजार) असेल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल. फुप्फुसांना फायब्रोसिस असेल, म्हणजे ती व्रण पडून कडक झाली असतील, तर मात्र ऑक्सिजनचं गणित वेगळं असतं, तिथे तुमच्या डॉक्टरांचेच आकडे धरा.

ताकद जाते कुठे

उसळीच्या दिवसांत तीन गोष्टी एकदम घडतात. माणूस झोपून राहतो, भूक मरते आणि स्टिरॉइड सुरू होतात. एरवी ठणठणीत असलेल्या ज्येष्ठ माणसालाही दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तर त्याच्या पायांतला जवळजवळ किलोभर स्नायू कमी होतो. आजारी माणसाचं काय होत असेल, विचार करा. स्टिरॉइडचा एक छोटा कोर्स जीव वाचवतो, तो टाळायचा नसतोच. पण वर्षातून चार-चार कोर्स झाले तर मांड्या सुकत जातात आणि साखरही वाढते.

दुसरी भानगड श्वास सोडण्याची. सीओपीडीत हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. घाईने चाललं की श्वास जलद होतो, आधीची हवा पूर्ण निघायच्या आत नवी आत घुसते आणि छाती हवेनेच भरून राहते. आधीचे प्रवासी उतरायच्या आत नवे चढू लागले की बस दारातच अडते ना, तसं. म्हणूनच रुग्ण म्हणतात, "श्वास आत जातच नाही." खरं तर बाहेर निघत नसतो.

आता या दोन्हींची सांगड घाला. पाय अशक्त झाले की तेवढ्याच चालण्याला जास्त श्वास लागतो. धाप लागली की माणूस भितो आणि बसून राहतो. बसून राहिला की पाय आणखी अशक्त. हे चक्र पहिल्या चार आठवड्यांत तोडलेलं सगळ्यांत चांगलं, म्हणून जगभरातले छातीचे डॉक्टर डिस्चार्जनंतर चार आठवड्यांच्या आत पल्मनरी रिहॅबिलिटेशन (छातीच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम आणि शिकवणीचा कार्यक्रम) सुरू करा असं सांगतात. इंदूरमध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी करा. जवळ सोय नसेल तर फिजिओच्या देखरेखीखाली घरीही बरंच होतं.

वेळ किती लागेल, हे सगळे विचारतात. बऱ्याच जणांचा दम आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो, पण पाचातला एक जण आठ आठवड्यांनंतरही पूर्वीच्या जागेवर आलेला नसतो. शेजारचे काका पंधरा दिवसांत बाजारात दिसले म्हणून आपल्या माणसाला त्या मापाने मोजू नका.

पहिलं काम: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

व्यायामाला हात घालण्याआधी फॉलो-अपला चार गोष्टी विचारून कागदावर लिहून आणा. हृदयाचं काही आहे का आणि चालायची परवानगी आहे का? (उसळीनंतरच्या काही आठवड्यांत हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो, म्हणून हा प्रश्न औपचारिक समजू नका.) ऑक्सिमीटरवर आकडा किती असायला हवा आणि कितीला थांबायचं? चालण्याआधी पंधरा मिनिटं रिलीव्हर पंप (लगेच आराम देणारा) घ्यायचा का? आणि पुन्हा दम उसळला तर घरी कोणतं औषध सुरू करायचं, कोणतं नाही?

त्याच भेटीत पंप घेऊन दाखवा. "मला येतो हो" म्हणू नका, डॉक्टरांसमोर घेऊनच दाखवा. वर्षानुवर्षं पंप वापरणारी माणसं श्वास पूर्ण सोडायचा विसरतात, दाबणं आणि ओढणं एका वेळी जुळत नाही, औषध जिभेवरच बसतं. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (औषध आधी साठवून मग ओढू देणारी नळी) लावला की बऱ्याच तक्रारी मिटतात. कॅप्सूलवाल्या यंत्रात श्वास जोरात ओढायचा असतो आणि त्यात फुंकर मारायची नसते. आणि ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते, हे लिहायची वेळ येते कारण गिळणारे भेटतात. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

पंप चुकीचा चालला असेल तर पुढची सगळी मेहनत अर्धी वाया जाते.

दुसरं: आज आपण कुठे आहोत ते मोजा

हात नसलेली, न हलणारी एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन 30 सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं ते मोजा. तीनदा आलं तर तीन लिहा, हात टेकून आलं तर तसं लिहा. मग घरातला सगळ्यांत लांब सरळ पट्टा घ्या, पॅसेज किंवा गच्ची, आणि आपल्या चालीने किती फेऱ्यांनंतर थांबावंसं वाटतं ते पाहा. जवळ कुणीतरी उभं असू द्या.

धापेला शून्य ते दहा असे गुण द्यायला शिका. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातो. व्यायामात तीन ते चारवर राहायचं, म्हणजे मधूनमधून श्वास घेत एक वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटत असेल तर जास्त झालं, आणि गाणं म्हणता येत असेल तर कमी पडतंय.

हे सगळं एका वहीत. तारीख, फेऱ्या, उठबशा, धापेचे गुण, कफाचा रंग. मोबाइलमध्ये लिहिलेलं डॉक्टरांसमोर वेळेवर सापडत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसरं: श्वास सोडायला शिका

नाकाने हळू आत, मनात एक-दोन. मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून बाहेर, एक-दोन-तीन-चार. गाल फुगवून जोर लावायचा नाही, मेणबत्तीची ज्योत फक्त हलेल एवढीच फुंकर. ओठ आवळल्यामुळे आतल्या बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. शांत बसलेले असताना दिवसातून चार-पाच वेळा याचा सराव करा, कारण धाप लागल्यावर नवीन काही शिकता येत नाही.

जोर लागतो तो क्षण नेहमी श्वास सोडण्याचा. खुर्चीतून उठताना सोडा, बादली उचलताना सोडा, पायरीवर पाऊल चढवताना सोडा. श्वास रोखून उठायची सवय सगळ्यांनाच असते आणि ती मोडायला वेळ लागतो.

धाप लागलीच तर आडवं होऊ नका. खुर्चीत पुढे वाकून कोपर मांड्यांवर टेका. उभे असाल तर ओट्याला, कठड्याला किंवा भिंतीला हात टेकून पुढे झुका. हात टेकले की श्वासाला मदत करणाऱ्या स्नायूंना आधार मिळतो. चेहऱ्यावर, नाका-गालांवर छोट्या पंख्याचा वारा घ्या, हातपंखाही चालतो. वाऱ्याने ऑक्सिजन वाढत नाही, पण श्वास कोंडल्याची भावना कमी होते. बॅटरीवरचा छोटा पंखा बाजारात स्वस्त मिळतो, तो उशीपाशी ठेवाच.

चौथं: पाय

सुरुवात इतकी छोटी करा की लाज वाटावी. पहिल्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं चालणं, पण दिवसातून चार-पाच वेळा. जोडीला खुर्चीतून उठणं-बसणं, जेवढं मोजून आलं त्याच्या निम्मं, दिवसातून दोनदा. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पहिला आठवडा एवढंच.

पुढे दर तीन-चार दिवसांनी एकच गोष्ट वाढवायची. चालणं वाढवलं तर उठबशा तेवढ्याच ठेवा. सलग चालणं जमत नसेल तर मिनिटभर चाला, मिनिटभर थांबा, पुन्हा चाला. याने काही बिघडत नाही, उलट सीओपीडीवाल्यांना असं तुकड्या-तुकड्यांनी केलेलं चालणं सोसतं चांगलं. सहा ते बारा आठवडे हे नेटाने चाललं तर बहुतेकांना फरक कळतो. फेऱ्या वाढलेल्या दिसतात, पण त्याआधी आंघोळीनंतर किती वेळ बसावं लागतं ते कमी होतं. तिकडे लक्ष ठेवा.

हातांसाठी पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात. खांद्याच्या वर मात्र सुरुवातीला नको.

ऑक्सिमीटर वापरत असाल तर बोट गरम आहे ना, नेलपॉलिश किंवा मेंदी नाही ना, ते बघा आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट द्या. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर 88 च्या खाली गेला की थांबा. बसल्यावर दोन-तीन मिनिटांत वर येत नसेल किंवा रोजच असं घसरत असेल तर डॉक्टरांना कळवा. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र) असेल तर त्याचा फ्लो स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो, म्हणून त्यांच्यासाठी 88 ते 92 एवढंच लक्ष्य ठेवतात. आकडा 99 दिसला नाही म्हणून फ्लो वाढवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या काळजीबद्दल शंका नाही, पण हे धोक्याचं आहे.

आणि आकडा चांगला असूनही धाप लागू शकते. "95 आहे ना, मग कशाला दम लागतोय" असं रुग्णाला कृपा करून म्हणू नका. त्याला लागतोय म्हणजे लागतोय.

घरच्यांसाठी, मोकळेपणाने

रामबागेतल्या एका घरी काका डिस्चार्ज होऊन आले होते. सून ताट पलंगावर आणून देई, नातू तांब्या भरून उशाशी ठेवी, मुलगा रिमोट हातात देई. काकू म्हणाल्या, "यांना मी हलू पण देत नाही हो." सगळं मायेपोटी. काकांचे पाय मात्र दोन हातांच्या ओंजळीत मावतील असे झाले होते, आणि उभं करताना गुडघे लटलटत होते. त्या दिवशी आम्ही व्यायाम वगैरे काही केला नाही. पाण्याचा तांब्या उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवला, रिमोट टीव्हीपाशी, आणि ठरवलं की जेवण टेबलावरच. तहान लागली की उठायचं, कुणीतरी बरोबर चालायचं, पण आणून द्यायचं नाही. पहिले दोन दिवस घरात कुरबूर झाली. काकूंना तर ते निष्ठुरपणाचं वाटलं. नंतर त्या स्वतःच शेजारी खुर्ची ठेवून काकांबरोबर उठबशा मोजू लागल्या.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या घरांत आजाऱ्याला बसवून ठेवण्याची जी रीत आहे, ती ताप असताना ठीक आहे, ताप उतरल्यावर तीच अपाय करते. जे त्याला झेपतं ते त्याच्या हातून काढून घेऊ नका. वेळ लागेल, लागू द्या.

पाचवं: रोजची कामं, आणि आंघोळ

दिवसभरात सगळ्यांत दमवणारं काम कोणतं असं विचारलं तर दहातले आठ जण आंघोळ म्हणतात. बंद न्हाणीघर, वाफ, वाकणं, डोक्यावर हात, मग पुसणं आणि लगेच कपडे, सगळं एका दमात. ते असं सोपं करा: आत प्लास्टिकचं उंच स्टूल, पाट नको, पाटावरून उठायला फार जोर लागतो. बादली दुसऱ्या स्टुलावर किंवा चौरंगावर, म्हणजे वाकायला नको. पाणी कोमट, खिडकी थोडी उघडी, दार आतून कडी न लावता नुसतं लोटलेलं. पंप सकाळी आधी घ्या, आंघोळ त्यानंतर. अंग घासून पुसण्याऐवजी मोठा टर्किश टॉवेल किंवा गाऊन अंगाभोवती घेऊन पाच मिनिटं बसा, पाणी आपोआप टिपलं जातं. मग बसूनच कपडे. डोक्यावरून आंघोळ आठवड्यातून दोनदा, ज्या दिवशी दुसरं काही नसेल तेव्हा. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर आंघोळीतही चालू ठेवायचा का ते विचारून घ्या, लांब नळी मिळते.

हात खांद्यांच्या वर गेले की धाप का लागते? खांद्याचे, मानेचे काही स्नायू दम लागल्यावर श्वासाच्या कामाला लागलेले असतात, त्यांनाच आपण दुसऱ्या कामाला जुंपतो. म्हणून वेणी घालताना कोपर टेबलावर टेकवा, दोरीऐवजी कमरेइतक्या स्टँडवर कपडे वाळत घाला, रोजचे डबे मधल्या फळीवर आणा.

स्वयंपाक करणाऱ्या बायकांना "आता स्वयंपाक सोडा" सांगणं मला पटत नाही. उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटाव्यात, भाजणं दुसऱ्याने करावं. फोडणी आणि मिरचीचा ठसका मात्र दुसऱ्यावर सोपवा, एक्झॉस्ट आधीपासून लावून ठेवा. मोठी कामं दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि प्रत्येक कामामागे विसावा. दमून बसायची वेळ येण्याआधीच बसायचं.

जिना हा जुन्या वाड्यांतला मोठा प्रश्न. अरुंद, चढा, एका बाजूला कठडाच नाही. पहिले काही आठवडे पलंग खाली आणा, पण कायमचा खाली ठेवू नका. चढताना कठडा धरून उभ्याने श्वास घ्या, सोडताना एक-दोन पायऱ्या, मग थांबा. मधल्या वळणावर एक स्टूल ठेवता आलं तर फार बरं.

सहावं: खाणं

स्नायू हवेतून तयार होत नाहीत. या दिवसांत वजनाच्या दर किलोला साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. इंदुरी सकाळ पोह्यांनी होते, आणि त्या बशीत प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम. पोहे बंद करा असं मी इंदूरमध्ये कुणाला सांगणार नाही, पण बशी अर्धी करा, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि मोड आलेले मूग घाला, बरोबर एक अंडं (सहा ग्रॅम) किंवा पेलाभर दूध (सहा-सात ग्रॅम). अंडं चालत नसेल तर पनीर, सत्तू, घट्ट वरण, दही. शेव चिमूटभर ठीक, वाटीभर नको. मिठाने पायांवर सूज असलेल्यांना त्रास होतो.

पोट तडस भरलं की छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि श्वासाला जागा उरत नाही. म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. जेवणानंतर तासभर व्यायाम नको. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर.

इंदूरची हवा आणि सणवार

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं फिरणं सोडा. थंडीत धूर आणि धूळ खालीच बसून राहते, त्यात शेकोट्या. ऊन आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, नाका-तोंडावर मफलर घेऊन निघा. मे महिन्यात उलट, दुपारी पारा चाळिशीपार जातो तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. नेहरू पार्क, मेघदूत, लालबाग अशा जागा निवडा जिथे बसायला बाक आहेत. पहिल्या दिवशी कोणत्या बाकापर्यंत जायचं ते ठरवून जा, आणि परत यायला पण दम लागतो हे धरून चाला.

रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) यंदा घरातूनच बघा. राजवाड्याभोवती यंत्रांनी उडवलेला गुलाल आणि ती गर्दी, दोन्ही सोसणारं नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात तळणीचा धूर असतो, तेही काही महिने राहू द्या. दिवाळीत खिडक्या बंद. गणपतीच्या आरतीला बसा जरूर, पण धूप-कापूर दुसऱ्या खोलीत, आणि उदबत्ती बंद केली तर देवाला राग येत नाही. घरात कुणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर ती दाराबाहेरही नको, बंदच हवी.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने. घरातल्या सर्दी झालेल्या माणसाने मास्क लावावा, आजोबांनी नव्हे.

वाईट दिवस आणि धोक्याचे दिवस

प्रगती सरळ रेषेत होत नाही. एखाद्या दिवशी फेऱ्या निम्म्यावर येतात, मन उदास होतं, "आता काही राहिलं नाही" असं माणूस म्हणतो. अशा दिवशी व्यायाम निम्मा करा, पण शून्य करू नका. उदासपणा दोन आठवडे टिकला, झोप आणि भूक गेली तर तेही डॉक्टरांना सांगा. धापेच्या आजारात भीती आणि खिन्नता फार आढळते आणि दोन्हींवर उपचार आहेत.

कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, दम नेहमीपेक्षा वाढला, आणि हे दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन. वाट बघू नका, उसळीचा उपचार लवकर सुरू झाला तर ती लवकर आटोक्यात येते. एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली तर त्याच दिवशी दाखवा. आणि छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बोलता न येणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि चपला शोधण्यात वेळ घालवू नका.

आठव्या आठवड्याच्या सुमारास वही घेऊन डॉक्टरांकडे जा. खुर्चीची 30 सेकंदांची मोजणी घरी पुन्हा करून तो आकडा पहिल्याच्या शेजारी लिहून न्या. पंप पुन्हा एकदा त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. डिस्चार्जच्या वेळी घरी ऑक्सिजन दिला असेल तर तो अजून लागतो का, हे याच भेटीत तपासून घ्या. आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून मागा. तीसेक मीटरचा फरक दिसला तरी तो खरा फरक धरतात.